चालू पड

लालबाग, मुंबई
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

चि. कमल हिस दादाचे आशीर्वाद.

सकाळपासून तीन वेळा फोन लावला. दोनदा वाजून वाजून थांबला, तिसऱ्यांदा तू कट केलास. म्हणजे तू बांधावर होतीस. आपल्या घरात रेंज येत नाही, ती येते फक्त खालच्या मळ्यात, आंब्याखालच्या बांधावर उभं राहिलं तर. तिथे उभी राहून, माझं नाव बघून तू फोन कापलास. ठीक आहे. पत्राला तसलं बटण नसतं, म्हणून पत्र लिहितोय.

सुभद्राने पाट मांडला होता. दरवर्षी तू तिकडून फोनवर बोलतेस आणि ती इथे तुझ्या वतीने निरांजन फिरवते, हा तुम्हा नणंद-भावजयीचा ठरलेला खेळ. आज तिने तासभर वाट बघितली आणि पाट उचलून भिंतीला लावून ठेवला.  तुझी मैत्रीण आधी आणि माझी बायको नंतर, हे तिने छत्तीस वर्षांत विसरू दिलेलं नाही.

मागच्या शनिवारी तू फोनवर जे सांगत होतीस ते मी नीट ऐकून घेतलं नाही, हे कबूल. पावसाने कापणीला आलेलं भात झोपवलं. पंचनाम्याला माणूस आला, त्याने मोबाईलमध्ये बघितलं आणि म्हणाला, बाई, या गटात भात नाहीच, जमीन पड आहे. तू लोळलेल्या भातात घोट्यापर्यंत चिखलात उभी आणि तो म्हणतो भात नाही. ऐकताना मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

ते कसं झालं ते सांगतो. गणपतीत आम्ही आलो होतो तेव्हा मोबाईलवरची ती पीक पाहणी आमच्या वैभवने भरली. सातबारा माझ्या नावावर, म्हणून माझ्या फोनवर. त्यात विचारतात, पीक कोणतं, की कायम पड, की चालू पड. आता हा लालबागला जन्मलेला. याला चालू म्हणजे पंखा चालू, दुकान चालू, शाळा चालू. जमीन चालू आहे ना आपली? मग टाकलं चालू. चालू पड म्हणजे यंदाच्या साली नांगर न लागलेली जमीन, हे त्याला कुठून कळणार? चौतीस वर्षांचा झाला तरी पोरच आहे. पोटात घाल.

पण तू तेवढ्यावर थांबली नाहीस. म्हणालीस, "माका पैशे नको, दादा. भात मी करतंय, इतक्याच लिवून दी. मी नेऊन दाखवतंय." आणि मग मी सुरू झालो. सरकार किती जणांना पोसणार, बियाण्याला अनुदान, खताला अनुदान, पंपाला अनुदान, पीक गेलं की भरपाई, पीक आलं की बोनस, मग शेतकरी स्वतः काय करतो. बोललो खरं. आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर या महिन्याचा चर्चेचा विषय मीच लिहिला आहे, 'सरकारने शेतकऱ्याला अनुदान द्यावे का?' त्यामुळे मुद्दे तोंडात तयार होते. तू भिजलेल्या भातात उभी आहेस हे विसरून मी तुला भाषण दिलं.

तरी तू शेवटी जे बोललीस ते लागलं. "बाबा गिरणीत हुते तेवा रेशनचो तांदूळ स्वस्त मिळायचो, म्हणान तुमी मुंबैत ऱ्हवलात. तो स्वस्त कोणी केल्यानी?" याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते पत्रात मावणार नाही.

तो कागद लिहून देईन. घाई करू नकोस, जरा सवड होऊ दे.

तुझा,
दादा


१९ डिसेंबर २०२४

चि. कमल,

पत्राला उत्तर नाही. तांदूळही नाही. दत्तजयंतीच्या आत तुझं नव्या तांदळाचं पोतं परळच्या बसथांब्यावर उतरतं आणि मी नि धम्मपाल ते उचलून आणतो, ही बावीस वर्षांची पद्धत. धम्मपाल म्हणजे समोरच्या खोलीतला, परळच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे तो. तुझ्या तांदळातले दोन शेर त्याच्या आईकडे जातात. परवा तो सहज म्हणाला, "काका, यंदा आत्याने मनावर घेतलं नाही वाटतं." मी म्हटलं, पावसाने गेलं. ते खोटं नव्हतं.

सुभद्रा दुकानातला तांदूळ शिजवते. एकदाच म्हणाली, "ह्यास वास नाय." 

गावाहून कळलं की आपल्या मळ्याच्या चारी कोपऱ्यांना कोणीतरी चुना लावलेले दगड पुरलेत. तू ते उपटून विहिरीत टाकलेस आणि दुसऱ्या दिवशी नवे चार दगड त्याच जागी होते, असं सुभद्राच्या माहेरचे सांगतात. कमल, दगडांच्या नादाला लागू नकोस. कोणाची तरी मोजणी असेल. हल्ली वरून ते विमानासारखं फिरवतात आणि सगळ्यांचीच मोजणी करतात. माणसं आली तर त्यांच्याशी भांडू नकोस, नावं विचारू नकोस. घरात जाऊन बस.

तू म्हणशील, दादाला कसं माहीत माणसं आली ते. ऐकलं, बस्स.

इकडचं सांगायचं तर आमची चाळ पाडायचं आता नक्की झालं. टॉवर होणार. मिळणारी खोली एवढीशी, आणि वैभव-श्रेयाचं लग्न पुढच्या दिवाळीनंतर. जास्तीची जागा हवी तर बिल्डरला वेगळे मोजावे लागतात. माझं अख्खं आयुष्य गिरगावात छापखान्यात लोकांच्या चुका दुरुस्त करण्यात गेलं, मुद्रितशोधकाला कोण किती देतं तुला माहीत आहे. हे उगाच सांगतोय. सुचलं ते लिहिलं.

बाबुराव भेटला होता. आपल्या वाडीतलाच, हिंदमाताला साडीच्या दुकानात असतो तो. तू जमिनीतला हिस्सा माझ्या नावे सोडून हक्कसोड दिलीस त्या साली तुला मोरपंखी साडी घेतली होती ती त्याच्याकडूनच. तुला विचारत होता. "कमलबाय अजून एकटीच ऱ्हाता काय ओ तिकडे?" असं विचारलं. मी हो म्हटलं. नंतर घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना.

जप.
दादा


१६ मार्च २०२५

कमल,

शिमग्याला आलो नाही. पालखी आपल्या अंगणात आली तेव्हा नारळ तू दिलास असं कळलं. माझ्या हयातीत पहिल्यांदा मी नव्हतो. पाय दुखतात असं सगळ्यांना सांगितलं आहे. पाय बरे आहेत.

गवत रचलेली उडवी जळल्याचं कळलं. सगळं गवत गेलं, गुरांच्या मांगराचं एक अंगही काळं झालं. बैल तू वेळेवर सोडलेस म्हणून वाचले. मी बाबुरावला लगेच फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, मार्च महिना आहे, टेन्शन कशाला घेता. उन्हाने पण पेटतं. फक्त बाईंना बोला, आता तिकडे काय ठेवलंय? मुंबईत आणा, नाटक-सिनेमा दाखवा." मी विचारलं, तुला कोणी सांगितलं उडवी उन्हाने पेटली म्हणून? तर तो हसला. कमल, तो हसला आणि मी फोन ठेवला. 

विहिरीवरचा पंपही रात्रीतून गेला म्हणे. अनुदानातून मिळालेला, तू दोन वर्षं खेटे घालून आणलेला. मी त्या पंपावरूनही तुला टोचून बोललो होतो.

आता पहिल्या पत्रात एक चुकीचं लिहिलं होतं ते दुरुस्त करतो. पीक पाहणी वैभवने भरली नाही. फोन माझ्या हातात होता. तो छत्री धरून उभा होता, एवढंच. पाऊस होता, घाई होती, चष्मा ओला झाला होता. चालू शब्द बघून बोट पडलं. मुलाच्या अंगावर ढकललं, कारण त्याच्या वयाला तशी चूक शोभते. माझ्या वयाला शोभत नाही.

आणखी एक. डिसेंबरात मी बाबुरावला मुखत्यारपत्र दिलं आहे. जमिनीचे व्यवहार त्याने बघायचे, मला सारखं गावी यायला जमत नाही म्हणून. इसार घेतला आहे. पार्टी कोण ते मला माहीत नाही, मोठी आहे म्हणतात. आपल्या आजूबाजूचे सगळे मळे त्यांनी आधीच घेतलेत, मधे आपलाच उरला. तुझ्यासाठी घराभोवतीची जागा सोडायची असं मी बोललो आहे. बोललो आहे, लिहून घेतलेलं नाही. आयुष्यभर लोकांना कानामात्रा दाखवणाऱ्या माणसाने ते लिहून घेतलं नाही.

सुभद्राला हे अजून माहीत नाही.

सांभाळ. रात्री एकटी झोपू नकोस, शेजारी कोणाला तरी बोलव.

दादा


३० एप्रिल २०२५

कमल,

पोतं मिळालं.

बसवाल्याचा फोन आला तेव्हा मी वेड्यासारखा आनंदलो. एप्रिलात कसला नवा तांदूळ, हा विचारही मनात आला नाही. वाटलं, राग गेला. धम्मपालला घेऊन परळला गेलो. उचलताना तो म्हणाला, "काका, हलकं आहे." मी म्हटलं, कमी पिकलं असेल. सुभद्राने कणगीसारखा तो पत्र्याचा डबा धुऊन पुसून ठेवला होता. तिने दोरा उसवला.

आत गवत होतं. वरकसातलं, मळ्याच्या वरच्या उतारावरचं वाळलेलं गवत. भाताचे भारे बांधतेस तसेच घट्ट, एकसारखे बांधलेले. आणि वर तुझी चिठ्ठी. 'दादाक. चालू पडीचा पीक.'

सुभद्राने माझ्याकडे बघितलं. धम्मपाल दारात उभा होता, तोही बघत होता. मग मी त्या दोघांना सगळं सांगितलं. ते आता तुला लिहितो. खरं तर तुला ते आधीच कळलं आहे, नाहीतर तू नेमकं हेच गवत पाठवलं नसतंस. तलाठी कचेरीत त्यांनी तुला पीक पाहणीत जोडलेला फोटो दाखवला असणार.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस बाबुरावने मला हिंदमाताला चहाला बोलावलं होतं. म्हणाला, "काका, पार्टीला जमीन क्लीन पायजे. बाई बावीस वर्षं कसतेय हे कुठे दिसलं तर उद्या हक्क सांगेल. एक-दोन सीझन पड दिसू द्या. कोण बघतंय?" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा प्यायलो.

मग गणपतीचा तिसरा दिवस. चष्मा ओला नव्हता. डोळ्यांवर होता, पुसलेला. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या लिहिण्यातला एकेक शब्द तपासला, चालू पड म्हणजे काय हे मला कळणार नाही? फोटो काढायचा होता. समोर तुझं भात कमरेएवढं उभं होतं, पोटरीला आलेलं. मी त्याच्याकडे पाठ केली, वर वरकसात चार पावलं चढलो आणि गवताचा फोटो काढला. वैभव म्हणाला, "पप्पा, भात तर खाली आहे ना?" मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. तू तेव्हा वर घरात आमच्यासाठी मोदक वळत होतीस.

 धम्मपालने विचारलं, "काका, तुमच्या खात्याचं ते आधार जोडायचं काम मी करून दिलं होतं ना, दोन वर्षांमागे? त्यात शेतकरी म्हणून तुमचं नाव होतं. सरकारचे हप्ते येतात तुम्हाला. मी तेव्हा बोललो नाही."  तो पुढे म्हणाला, "आणि या खोलीचं भाडं किती आहे? कायद्याने गोठवलंय म्हणून तुम्ही आणि आम्ही इथे राहिलो. ते काय होतं मग? फळ्यावर तुम्ही लिहिता, द्यावं का. द्यावं की न द्यावं हे नंतर बघू. ज्याचं आहे त्याच्यापर्यंत जात नाही, ते आधी लिहा." आवाज चढवला नाही त्याने. दारातून वळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटला तेव्हा मला वाट देऊन भिंतीकडे बघत उभा राहिला.

सुभद्राने गवत टाकून दिलं नाही. भारे ओळीने भिंतीला लावून ठेवलेत, भाऊबिजेचा पाट ठेवला होता तिथे. घरभर त्याचा वास आहे.

मला लाज वाटते, कमल. यापेक्षा मोठा शब्द येत नाही.

उद्या सुट्टी आहे. परवा वकिलाकडे जातो. मुखत्यारपत्र रद्द करतो. तू म्हणत होतीस तो कागद लिहितो, एका ओळीचा, शिक्का मारून पाठवतो. इसार परत देऊन टाकीन, वैभवला कमी जागेत राहू दे.

तू तेवढे दिवस कोणाशी बोलू नकोस, कशावर सही-अंगठा देऊ नकोस.

दादा


२४ मे २०२५, शनिवार

कमल,

हे पत्र टपालात टाकणार नाही, स्वतः घेऊन येतोय. संध्याकाळची बस आहे, सुभद्राही येतेय. सकाळी अकराला लिहायला बसलो, कारण समोर आल्यावर माझ्याच्याने बोलणं होणार नाही. तू हे वाच आणि मग मला घरात घ्यायचं की नाही ते ठरव.

मुखत्यारपत्र रद्द झालं. वकिलाने शिक्का मारून दिला, मी घडी करून खिशात ठेवला, आणि मग तो म्हणाला, काका, पण याचा आता उपयोग नाही. बाबुरावने खरेदीखत पंधरा एप्रिललाच करून टाकलं आहे. मी तुला ते सगळं कबूल करत होतो तेव्हा जमीन जाऊन पंधरा दिवस झाले होते. घराभोवतीच्या जागेचा त्यात उल्लेख नाही. वकील म्हणाला, दावा लावता येईल, तुमच्या बहिणीच्या वहिवाटीचा पुरावा पाहिजे. मी विचारलं, पुरावा म्हणजे काय? तो म्हणाला, पीक पाहणी.

मी हिंदमाताला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. बाबुराव एका बाईला साडीचा पदर उलगडून दाखवत होता, हात न थांबवता मला म्हणाला, "सोमवारी मशीन जातंय, काका. पाऊस यायच्या आत बांध फोडून घ्यायचेत. बाईंना सांगा तिथे उभ्या राहू नका. मोठं मशीन असतं, ड्रायव्हरला वरून खालचं काय दिसत नाय." हे सांगून त्याने त्या बाईला दुसरा रंग दाखवला.

रोहिणीच्या आधी तू कोरड्या मातीत धूळपेर करतेस. सुभद्राच्या माहेरचे सांगतात, यंदाही तू मळ्यात बी पेरलं आहेस, कोपऱ्यातले दगड तसेच ठेवून. सोमवारच्या आत आम्ही पोचतो. उद्या सकाळी आपण तिघंही त्या बांधावर असू. सातबाऱ्यावरचा माणूस शेतात उभा आहे म्हटल्यावर काहीतरी फरक पडेल. तो आता सातबाऱ्यावर राहिलेला नाही हे मला कळतं, तरी येतोय.

तो कागद सोबत आणतोय. शिक्क्याचा आहे, पण इथेही उतरवतो, म्हणजे तुझ्याकडे माझ्या हस्ताक्षरात

थांब, फोन वाजतोय. तुझं नाव आहे.

कमल, सात महिन्यांनी तुझा फोन आला आणि तू बोलत नाहीस. मी चार वेळा हॅलो म्हटलं. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आहे. तुझ्याकडून काही ऐकू येत नाही, नुसती घरघर. आधी वाटलं वारा आहे. मग लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला. आज शनिवार आहे. तो सोमवार म्हणाला होता.

फोन लागला आहे म्हणजे तू बांधावर आहेस. दुसरीकडे कुठे रेंजच नाही.

सुभद्रा फोनवर वाकून ओरडतेय, "कमल, बाजूक हो, बाजूक हो गो." धम्मपाल धावत आला आहे, तो त्याच्या फोनवरून तिकडच्या पोलिसांना लावतोय. मला दुसरं काय करावं सुचत नाही, म्हणून मी तो कागद मोठ्याने वाचून दाखवतोय, आणि तोच इथे लिहितोय.

मी, गुणाजी, लिहून देतो की हे शेत माझी धाकटी बहीण कमल ही गेली बावीस वर्षं कसते. गेल्या गणपतीत या शेतात भात होतं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

दोनदा वाचलं. तुला ऐकू गेलं की नाही कळत नाही. फोन कट झालेला नाही, वरचे आकडे पुढे सरकतायत. तुझा आवाज नाही. मशीन चालू आहे.